ओझरचे मिग आणि प्लास्टिकचे मिग

मिग-२१ हे लढाऊ जेट विमान महाराष्ट्रात दोन आकारांत बांधले गेले. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात ते पूर्ण आकारात उभे राहिले आणि तिथल्याच धावपट्टीवरून उडाले. हौशी लोकांच्या टेबलांवर ते ४८ किंवा ७२ पटींनी लहान होऊन उभे राहिले. दोन्हीकडे सुरुवात झाली ती परदेशातून आलेल्या पेटीतल्या सुट्या भागांपासून. ओझरच्या अभियंत्यांनी पुढे ते भाग स्वतः घडवले. टेबलावरच्या कारागिराला मात्र आजही परदेशी किटवरच काम करावे लागते, आणि ते किट बहुधा दुसऱ्याच एखाद्या हवाई दलाचे विमान समोर ठेवून केलेले असते. त्यातून भारतीय विमान काढायचे, तर किटमधल्या उणिवा आधी ओळखाव्या लागतात. त्या ओळखायला मूळ विमानाचा इतिहास पाठ असावा लागतो.

विमानांच्या प्रतिकृतींत १:७२ हे प्रमाण सर्वांत रुळलेले आहे. ते इंग्रजी मापांतून आले: सहा फुटांचा एक इंच. मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर, या प्रमाणात तो दहा सेंटिमीटरहूनही किंचित कमी भरतो. १:४८ मध्ये तोच पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. एवढ्या लहान आकारात चुकीला फारशी जागा उरत नाही. १:७२ मधली एक मिलिमीटरची चूक खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरांहून मोठी असते. पत्र्यांच्या जोडाची रेघ किटवर पाव मिलिमीटर रुंद कोरली असेल, तर खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमध्ये बोट जाईल एवढी फट आहे असा तिचा अर्थ होतो.

प्लास्टिकच्या आधी हे काम लाकडात होत असे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे आणि आपले विमान आकारावरून झटपट ओळखता यावे, म्हणून अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये देशभरातल्या शाळांकडून १:७२ प्रमाणात पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या. प्लास्टिकची पहिली किट त्याआधीच, १९३६ मध्ये, ब्रिटनमध्ये निघाली होती. फ्रॉग या कंपनीने आपल्या उडणाऱ्या मॉडेलांपासून ती वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांना न उडणाऱ्या पेंग्विन पक्ष्याचे नाव दिले. ती सेल्युलोज अॅसिटेटची होती. हा पदार्थ काळाच्या ओघात आक्रसतो आणि वाकतो, त्यामुळे त्या काळचे सरळ राहिलेले पंख आज क्वचितच पाहायला मिळतात. युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले आणि तेच टिकले. एअरफिक्स या कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचे छोटे किट दोन शिलिंगांत विकायला काढले. ते आकाराने इतके चुकलेले होते की दोन वर्षांत कंपनीला नवे स्पिटफायर करावे लागले. सदोष किटची परंपरा अशी या धंद्याच्या जन्मापासूनची आहे.

पॉलिस्टायरीन मराठी घरांत दुसऱ्या रूपात परिचयाचे आहे. गणपतीच्या मखरांसाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला आणि मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्याच्या सजावटीवर बंदी घातली, तो थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये मुंबईत पॉलीकेम कंपनीने सुरू केले. पुढे १९९५ मध्ये कोकणात, रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ, सुप्रीम पेट्रोकेमचा मोठा कारखाना उभा राहिला. थर्माकोलवर पेट्रोलचा थेंब पडला की तो विरघळून खड्डा पडतो, हे मखर केलेल्या प्रत्येकाला माहीत असते. किटचे भाग जोडण्याची रीतही त्याच गुणावर उभी आहे. जोडण्याचे द्रावण दोन्ही कडा विरघळवते, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडून गेले की जोड उरतच नाही, सलग प्लास्टिक होते. सर्वसाधारण डिंकाने हे साधत नाही.

किट कसे बनते हे कळले म्हणजे ते का बिघडते हेही कळते. वितळलेले पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये घुसवतात. ते साच्यातल्या नाल्यांमधून वाहत प्रत्येक भागापर्यंत पोचते, थंड होते आणि नाल्यांची चौकट भागांसह बाहेर येते. हीच ती स्प्रू. साचा झिजला आणि त्याचे दोन अर्ध घट्ट बसेनासे झाले, की फटीतून प्लास्टिकचा पातळ पदर बाहेर झिरपतो. जाड भाग आतून उशिरा निवतो आणि निवताना आक्रसतो, म्हणून त्याच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. पंखाच्या मुळाशी आणि इंजिनाच्या भागात असे खळगे हमखास सापडतात. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे उमटतात, आणि ते नेमके चाकांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला किंवा वैमानिकाच्या आसनाच्या पाठीवर दिसतात. प्लास्टिक पोचण्याआधीच थिजले तर भाग अर्धवट राहतो. साच्याचे दोन अर्ध केसभर सरकले, तर प्रत्येक गोल नळी दोन चुकलेल्या अर्धगोलांची होते. मिग-२१च्या नाकापुढे लांब निघालेली हवादाब मोजण्याची दांडी या दोषाला सर्वांत आधी बळी पडते. जाणते लोक ती फेकून देतात आणि इंजेक्शनच्या सुईपासून नवी करतात.

कमी खपाच्या विमानांसाठी वेगळ्या जातीची किट असतात. पोलादी साचा महाग पडतो, म्हणून छोटे कारखाने मऊ धातूचे किंवा राळेचे साचे वापरतात. त्यांत भाग जुळवायच्या खुंट्या नसतात, पंखांच्या मागच्या कडा जाड असतात, बारीक भाग वेगळ्या राळेत ओतलेले येतात. धडाचे दोन अर्ध जुळवण्यातच कित्येक संध्याकाळी जातात. भारतीय हवाई दलाच्या विमानांची किट शोधणाऱ्याला पुष्कळदा याच वाटेने जावे लागते.

जेट युगात यात गुप्ततेची भर पडली. सोव्हिएत विमाने पाश्चात्त्य कारखान्यांना मोजता येत नव्हती. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने मिग-१९ म्हणून विकलेले विमान निव्वळ कल्पनेतले होते. खऱ्या मिग-१९शी त्याचा संबंध नव्हता. १९८६ मध्ये टेस्टर्स कंपनीने अमेरिकेच्याच गुप्त विमानाचे एफ-१९ या नावाने किट काढले आणि ते भरपूर खपले. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरे एफ-११७ जगापुढे आले तेव्हा ते सपाट फलकांचे, टोकदार निघाले. किटमधले विमान गुळगुळीत वळणांचे होते. मिग-२१चा नमुना १९५६ मध्ये मॉस्कोजवळ तुशिनोच्या हवाई प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांना दिसला. त्याची सुरुवातीची पाश्चात्त्य किट छायाचित्रांवरून अंदाज बांधून केलेली होती. नाकाचा घेर, पाठीची उंची, पंखाचा कोन यांत ती कुठे ना कुठे घसरत.

भारतात मात्र त्याच काळात खरे मिग पेट्यांतून येऊ लागले होते. अशा जुळणीची पद्धत देशाला नवी नव्हती. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, तिचे पहिले काम अमेरिकेतून आणलेल्या भागांतून हार्लो जातीची प्रशिक्षण विमाने जोडण्याचे होते. १९४१ मध्ये त्यातले पहिले उडाले. १९५०च्या दशकापासून व्हॅम्पायर आणि नॅट ही जेट विमानेही आधी ब्रिटिश भागांतून आणि मग इथे घडवलेल्या भागांतून तयार झाली.

मिग-२१ घेण्याचा निर्णय १९६२ मध्ये झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असताना, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिगच्या उत्पादनासाठी तीन ठिकाणे ठरली: सांगाडा आणि अंतिम जुळणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. मिगसाठी काढलेली एरॉनॉटिक्स इंडिया आणि जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपन्या १ ऑक्टोबर १९६४ रोजी एकत्र होऊन आजची हिंदुस्थान एरॉनॉटिक्स झाली. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या या मुलखात मुंबई-आग्रा रस्त्याकाठी जी वसाहत वाढली, तिला लोक सरळ ‘ओझर मिग’ म्हणू लागले.

उत्पादन टप्प्याटप्प्याने चढत गेले. आधी बहुतांशी जोडलेली विमाने आली, मग मोठे भाग, मग पूर्ण सुटे भाग, आणि शेवटी पत्रा, सळ्या आणि ओतीव ठोकळे. प्रत्येक टप्प्याला लागणारी कौशल्ये वेगळी होती. तयार भाग रिव्हेटने जोडणे आणि तोच भाग रशियन आराखड्यावरून, इथल्या यंत्रांवर, ठरलेल्या सूक्ष्म मापात घडवणे यांत मोठे अंतर आहे. कच्च्या मालापासून बनवलेले पहिले मिग-२१ १९७० मध्ये ओझरमधून हवाई दलाकडे गेले. मिग-२१ एफएल या पहिल्या प्रकारची सुमारे दोनशे विमाने इथे झाली, त्यानंतर १९७३ पासून ‘एम’ प्रकारची दीडशेहून अधिक, आणि १९८०च्या दशकात ‘बिस’ प्रकारची दोनशेहून अधिक.

याच एफएलपाशी प्लास्टिकच्या किटची खरी अडचण सुरू होते. एफएल हे निर्यातीसाठी, प्रामुख्याने भारतासाठी बेतलेले विमान होते. त्याचे छत जुन्या ‘पीएफ’ प्रकारासारखे, एका तुकड्याचे आणि पुढच्या बाजूला बिजागरी असलेले. उघडताना ते पुढच्या काचेसह नाकाकडे वर उचलले जाते. उभी शेपटी मात्र पीएफच्या शेवटच्या विमानांसारखी रुंद, आणि तिच्या बुडाशी उतरताना उघडणाऱ्या पॅराशूटचे नळकांडे. जगभरच्या किट उत्पादकांनी बहुधा दोन टोके निवडली. एकीकडे अरुंद शेपटीचा पीएफ, दुसरीकडे रुंद शेपटीचा ‘पीएफएम’, ज्याची पुढची काच पक्की असते आणि छत उजवीकडे उघडते. भारताने शेकड्यांनी वापरलेले विमान या दोहोंच्या मध्ये हरवले. म्हणून एफएल करणाऱ्याला पीएफचे छत आणि पीएफएमची शेपटी घ्यावी लागते: एका विमानासाठी दोन किट कापायची, शेपटीच्या मुळाशी पुट्टी भरायची, ती वॉटर पेपरने घासायची आणि घासताना पुसल्या गेलेल्या जोडरेषा पुन्हा कोरायच्या.

हवादाबाच्या दांडीची जागाही तपासावी लागते. सर्वांत जुन्या एफ-१३ प्रकारात ती नाकाखाली असते, पीएफ आणि एफएलमध्ये हवेच्या तोंडाच्या वर बरोबर मध्यभागी, आणि ‘एम’पासून पुढे वरच पण उजवीकडे सरकलेली. दांडी चुकली की विमानाचा प्रकारच चुकतो. एफएलमध्ये अंगची तोफही नव्हती. १९६५च्या युद्धानंतर पोटाखाली लावायची जीपी-९ ही तोफेची पेटी आली आणि १९७१ मध्ये ती वापरात होती. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले ते एफएलनेच. अनेक किटमध्ये ही पेटी नसते. ती प्लास्टिकच्या नळीपासून आणि पट्ट्यांपासून करावी लागते, पण १९७१चे विमान दाखवायचे तर ती हवीच.

‘एम’ प्रकार त्या मानाने सोपा. बाहेरून तो ‘एमएफ’शी जवळजवळ जुळतो, आणि एमएफची किट भरपूर आहेत. झेकोस्लोव्हाकियाने मिग-२१ परवान्याने बनवले होते आणि त्या देशाच्या हवाई दलात ते दीर्घकाळ होते, त्यामुळे तिथल्या कारखान्यांना खरे विमान हाताशी होते. एडुआर्ड या झेक कंपनीचे १:४८ मधले मिग-२१ एमएफ २०११ मध्ये आले आणि या विमानाच्या किटचा दर्जा एकदम वर गेला. पण झेक संदर्भालाही स्वतःची खोड आहे. तिथे बांधलेल्या एफ-१३ विमानांत छताच्या मागे काचेऐवजी धातूचा पत्रा असे. ज्या किटने तो आकार घेतला, त्यातून भारतात आलेल्या पहिल्या सोव्हिएत बनावटीच्या एफ-१३ विमानांपैकी एखादे करायचे, तर तिथे खिडकी कोरावी लागते.

‘बिस’च्या १२५ विमानांचे आधुनिकीकरण होऊन ती ‘बायसन’ झाली. पहिली दोन रशियात बदलली गेली, बाकीची ओझरला. नवे रडार, पुढची सलग काच, शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे अँटेना: किटच्या बिसवर हे सगळे बाहेरून चढवावे लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीनंतर बायसनचे नाव घरोघरी पोचले, आणि ते बनवू पाहणाऱ्यांना ही सलग काच सर्वांत अधिक छळते. पारदर्शक प्लास्टिक तापवून लाकडी ठोकळ्यावर ओढणे हाच जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

नॅटची गोष्ट याहून तापदायक. १९६५ मध्ये सेबर विमानांशी झुंजलेले आणि १९७१ मध्ये श्रीनगरवर ज्यातून लढून वैमानिक निर्मलजित सिंग सेखों यांनी परमवीरचक्र मिळवले ते नॅट एकआसनी होते. एअरफिक्सने १९६०च्या दशकात काढलेले नॅट ब्रिटिश हवाई दलाचे दोनआसनी प्रशिक्षण विमान. त्याचे धड लांब आणि पंखही मोठे. विस्तारातला फरक १:७२ मध्ये आठ मिलिमीटर भरतो. मागचे आसन बुजवून एकआसनी नॅट करता येईल असे वाटते, पण पंख आणि धड दोन्ही कापल्याशिवाय ते होत नाही. एचएफ-२४ मारुत हे जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली भारतात आखले गेलेले आणि १७ जून १९६१ रोजी उडालेले विमान तर मोठ्या किट कंपन्यांनी विचारातच घेतले नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरे मारुत उभे आहे. आराखडे हाती नसतील तर असे विमान स्वतः पाहून, फोटो काढून, प्लास्टिकच्या पत्र्यांतून ते घडवणे एवढाच मार्ग राहतो.

या छंदाचा भारतातला प्रसार मंद राहिला, तो हौस कमी होती म्हणून नव्हे. विमानांचे मॉडेल करण्याचे शिक्षण राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते. १ एप्रिल १९५० रोजी या शाखेची पहिली दोन पथके निघाली, त्यांतले एक मुंबईत होते. पण छात्रसैनिकांची मॉडेले मुख्यतः बाल्सा लाकडाची. परदेशी प्लास्टिक किट परवान्यांच्या राज्यात आयातीच्या निर्बंधांत अडकली आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून, जहाजावर नोकरी करणाऱ्यांकडून किंवा मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांतून मिळत राहिली. अशा वेळी हाती येईल ते किट घ्यायचे आणि त्यातून हवे ते विमान काढायचे, हाच रिवाज पडला. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातीचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले आणि काही वर्षे किट सहज मिळू लागली. मग फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. प्रौढांच्या हातात जाणारी, चाकू आणि द्रावणाने जुळवायची ही वस्तू मुलांच्या खेळण्यांच्या नियमांत बसवणे या छंदावर अन्याय करणारे आहे.

जुळणीनंतर रंग. ओझरमधून बाहेर पडलेली सुरुवातीची एफएल उघड्या धातूच्या रंगाची होती, आणि १९७१च्या युद्धात त्यांतल्या अनेकांवर घाईने छलावरणाचे पट्टे चढले. उघडा धातू प्लास्टिकवर दाखवणे सर्वांत अवघड, कारण चंदेरी रंगाखाली घासल्याचा बारीकसा ओरखडाही लपत नाही. किनाऱ्यावर हवामानही आड येते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. फवाऱ्यातल्या रंगातला थिनर उडताना रंगाचा थर गार पडतो, दमट हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि चकचकीत चंदेरीवर दुधाळ साय चढते. तिथे धातूचा रंग पावसाळा संपल्यावर द्यावा हे उत्तम, किंवा मग बंद खोलीत हवा कोरडी करून. जुन्या किटमधली डीकॅल, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायची चिन्हे, या हवेत पिवळी पडतात. ती खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली तर पिवळेपणा बराच उतरतो, आणि पाण्यात सोडण्याआधी वर पारदर्शक लॅकरचा हात दिला तर तुकडे होत नाहीत.

शेवटी लागतात ती चिन्हे: बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असे वर्तुळ, शेपटीवरचा तिरंगी पट्टा आणि ‘सी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक. हा क्रमांक मनाला येईल तो घालता येत नाही. त्यावरून विमान एफएल, एम की बिस हे कळते. आणि एफएलचा क्रमांक उजवीकडे उघडणाऱ्या छताच्या विमानावर लागला, तर रंगकाम कितीही सुबक असले तरी असे विमान ओझरमध्ये कधी बनले नव्हते.